तराजू आणि भाकरी

राष्ट्रीय एकात्मतेचा विषय निघाला की आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर असे, की सर्वांची भाषा, चालीरीती आणि श्रद्धा एकसारख्या झाल्या म्हणजे राष्ट्र आपोआप एक होईल. दुसरे असे, की विविधतेत एकता हे तर आपल्या देशाचे भूषणच आहे. तेव्हा चिंतेचे कारण नाही. पहिल्या उत्तरात शेजाऱ्याला पुसून टाकण्याचा उतावीळपणा आहे, तर दुसऱ्यात डोळे मिटून घेण्याची सोय. शाळेच्या स्नेहसंमेलनात निरनिराळ्या प्रांतांचे पोशाख घातलेली मुले हातात हात घालून रंगमंचावर उभी राहतात, टाळ्या पडतात, पडदा पडतो. परंतु त्या मुलांच्या आईवडिलांना एकमेकांच्या इमारतीत भाड्याने घर मिळते काय, हे पडद्यामागे जाऊन कोणी विचारीत नाही. आम्हांला येथे तोच प्रश्न विचारावयाचा आहे. रक्ताने, भाषेने, उपासनेने परस्परांहून भिन्न असलेली माणसे कशाच्या बळावर एक राष्ट्र होतात? आणि ते बळ निर्माण करण्याचे दायित्व कोणाचे?

प्रथम पहिल्या उत्तराची परीक्षा करू. एकसारखेपणामुळे माणसे एक होतात, हे खरे असते तर रुआंडा हा आफ्रिकेतील सर्वांत सुखी देश ठरावयास हवा होता. तेथील हुतू आणि तुत्सी एकच किन्यारवांडा भाषा बोलत, एकाच टेकडीवर शेजारी शेजारी राहत, आणि बहुसंख्य एकाच ख्रिस्तसभेचे सभासद होते. तरीही एप्रिल १९९४ पासून सुमारे शंभर दिवसांत तेथे आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. मारणारे आणि मरणारे पुष्कळदा एकाच धर्मग्रामातील होते, आणि आश्रयासाठी ज्या चर्चमध्ये लोक धावले त्यांतील कित्येक चर्चमध्येच त्यांची कत्तल झाली. बेल्जियमच्या वसाहती राजवटीने १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू की तुत्सी हे नोंदविण्याची पद्धत पाडली होती. साठ वर्षांनंतर रस्त्यावरच्या नाक्यांवर तेच ओळखपत्र मृत्यूचा परवाना ठरले. २०१७ साली पोप फ्रान्सिस यांनी ख्रिस्तसभेच्या आणि तिच्या लोकांच्या या पापाबद्दल देवाकडे क्षमायाचना केली. आपल्या समाजाला ही गोष्ट विसरता येणार नाही. एक भाषा आणि एक बाप्तिस्मा असूनही शेजारी शेजाऱ्याचा वैरी होऊ शकतो, हे तिने आपणांस कायमचे शिकविले आहे.

एकसारखेपणा लादण्याचे फळही आपल्या शेजारी देशांनी चाखले आहे. पाकिस्तानात केवळ उर्दूला राजभाषेचे स्थान देण्याच्या हट्टापायी २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात विद्यार्थ्यांचे रक्त सांडले, आणि १९७१ मध्ये धर्माच्या पायावर उभारलेले ते राष्ट्र दुभंगले. श्रीलंकेने १९५६ साली केवळ सिंहली ही राजभाषा केली; त्या निर्णयाने पेरलेले विष पुढे १९८३ ते २००९ पर्यंतच्या यादवी युद्धात उगवले. त्याच १९५६ मध्ये भारताने भाषावार राज्यांची पुनर्रचना केली. देशाचे तुकडे पडतील असे भय तेव्हा अनेक थोर नेत्यांनाही वाटत होते. महाराष्ट्राला आपले राज्य मिळविण्यासाठी आणखी चार वर्षे झगडावे लागले, शंभराहून अधिक हुतात्मे द्यावे लागले. परंतु १ मे १९६० नंतर मराठी माणूस भारतापासून दूर गेला नाही. ज्याची भाषा सुरक्षित आहे, तो देशाच्या घरात निर्धास्तपणे वावरतो. घटनेच्या आठव्या परिशिष्टात आरंभी चौदा भाषा होत्या. आज त्या बावीस आहेत. पंगतीत पाने वाढली म्हणून घर मोडले नाही.

तर मग एकसारखेपणा नसताना माणसे कशाने बांधली जातात? याचे उत्तर शोधण्यासाठी ग्रंथालयात जाण्यापूर्वी पुण्याच्या गुलटेकडीवरील मार्केट यार्डात एक फेरी मारावी, असे आम्ही सुचवितो. आग्र्याचा आणि इंदूरचा बटाटा, हिमाचलचे व काश्मीरचे सफरचंद, केरळचे अननस, कर्नाटकाचा कोबी, कोल्हापूर-कराडकडचा गूळ, पुरंदरचे अंजीर, देवगड-रत्नागिरीचा हापूस आणि रमजानच्या दिवसांत थेट इराणचा खजूर, असा सारा देश आणि देशाबाहेरचाही मुलूख येथे पोत्यांतून, पेट्यांतून आणि क्रेटमधून उतरतो. भुसार विभागातील गाळ्यांवर मारवाडी, गुजराती, कच्छी नावांच्या पाट्या. फळबाजारात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली बागवान मंडळी. माल घेऊन आलेला जुन्नरचा किंवा शिरूरचा शेतकरी. ट्रक हाकणारा पंजाबी वा तमिळ चालक. आणि पाठीवर पोते घेऊन वाट काढणारा हमाल, कोणी भोर-वेल्ह्याचा, कोणी बीड-उस्मानाबादकडचा, कोणी अलीकडे बिहारमधून आलेला. उस्मानाबादचे नाव आता धाराशिव झाले. पण नाव बदलल्याने तेथून पोटासाठी पुण्याला येणाऱ्याची वाट बदललेली नाही.

या माणसांना एकमेकांविषयी फार प्रेम आहे, असा आमचा भाबडा समज नाही. तरीही दररोज पहाटे ती एकत्र येतात, एकमेकांच्या शब्दावर लाखोंचा व्यवहार करतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. हे कशामुळे शक्य होते? एका अगदी साध्या वस्तूमुळे. ती म्हणजे तराजू. बाजारात तराजू सर्वांसाठी एकच असावा लागतो. मारवाड्याचा किलो वेगळा आणि मराठ्याचा किलो वेगळा, असे चालत नाही. तोलणाऱ्याला परवाना असतो, आणि तोलताना त्याने माल कोणाचा आहे हे पाहावयाचे नसते.

अर्थात हा तराजू स्वर्गातून खाली आलेला नाही. तो माणसांनी झगडून उभा केला आहे. जुन्या बाजारात हत्ता नावाची पद्धत होती. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालीत, बोटे दाबून भाव ठरवीत, आणि ज्याच्या घामाचा तो माल, तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमालाकडे पाहत बसे. आपल्या कष्टाचे मोल काय ठरले, हे त्याला पट्टी हातात पडल्यावर कळे. पुढे बाजार समित्यांचे कायदे झाले. महाराष्ट्राचा कायदा १९६३ चा. सौदा उघड व्हावा, वजन चोख व्हावे, शेतकऱ्याला त्याचे दाम वेळेवर मिळावे, हा त्यांचा हेतू. तो हेतू सर्वत्र आणि सदैव सफळ झाला, असे कोणी म्हणणार नाही. तथापि त्यामागचे तत्त्व राष्ट्राच्या उभारणीलाही लागू आहे. ज्या देशातील सौदे रुमालाखाली होतात, जेथे नोकरी, घर आणि न्याय हे जात, प्रांत वा ओळख पाहून दबलेल्या बोटांनी ठरतात, तेथे रुमालाबाहेर उभ्या असलेल्या माणसाने राष्ट्रावर प्रेम करावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? त्याला राष्ट्रगीत पाठ करावयास सांगणे सोपे आहे; त्याच्यासमोर रुमाल दूर करणे अवघड आहे.

येथे कोणी म्हणेल, ‘फादर, बाजारात जी एकी दिसते ती स्वार्थाची. नफा संपला की ती संपते.’ हा आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. कारण बाजारात स्वार्थाच्या पलीकडचेही काही घडलेले आहे, आणि ते घडविले सर्वांत खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसांनी. हमालाला एक मालक नसतो. सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या ट्रकवर. त्यामुळे त्याच्या दुखण्याची, म्हातारपणाची, मोडलेल्या मणक्याची जबाबदारी कोणावरच नसे. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायत उभी राहिली. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना संघटित केले. या चळवळींतून महाराष्ट्राचा १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. या कायद्याखाली कामगार, मालक आणि शासन या तिघांचे मंडळ असते. टोळीची नोंद मंडळात होते. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळात भरतो, आणि मंडळ हमालाला वेतन देते व लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधोपचार यांची तरतूद करते. मालक अनेक असले तरी त्यांची जबाबदारी एक केली, ही या कायद्याची थोर कल्पना होय. रोज मालक बदलणाऱ्या माणसालाही म्हातारपण असते, हे तिने मान्य केले.

मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला वाचकांना ठाऊकच आहे. तो दाखला घडतो तोच मुळी बाजारात, कामाची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसांमध्ये. संध्याकाळी पाच वाजता आलेल्यालाही पूर्ण दिवसाचा दिनार मिळतो, आणि पहाटेपासून राबलेले कुरकुर करतात. आपण हा दाखला देवाच्या कृपेविषयी ऐकतो, ते योग्यच आहे. पण त्यात राष्ट्राविषयीही एक अवघड धडा आहे. उशिरा आलेल्या माणसालाही संध्याकाळी भूक तेवढीच लागते.

हा धडा अवघड का, ते मार्केट यार्डातच कळते. ज्याची मंडळात नोंद आहे, त्याच्या अंगावर कायद्याचे छत्र आहे. ज्याची नोंद नाही, तो पावसात आहे. आजचा नोंदलेला हमाल बहुधा कालचा परका आहे. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून पुण्याच्या वेशीवर आलेल्या माणसांना शहराने काही पायघड्या घातल्या नव्हत्या. त्यांनी आपली जागा कष्टाने मिळविली. आता त्यांच्या मागून कोणी दूरच्या प्रांतातून येतो, कमी मजुरीत तेच पोते उचलतो, आणि झगडून मिळविलेला दर खाली येण्याची भीती उभी राहते. ही भीती खोटी नाही. तिला संकुचितपणा म्हणून हिणवणे हे पोट भरलेल्या माणसाला शोभत नाही. परंतु या भीतीची दोन उत्तरे संभवतात. एक, आलेल्याला हाकलून द्यावे. दुसरे, त्यालाही नोंदवून घ्यावे, म्हणजे त्याच्या भुकेचा उपयोग करून कोणालाच दर पाडता येणार नाही. पहिल्या उत्तराने छत्राची भिंत होते. दुसऱ्याने छत्र रुंदावते.

पहिले उत्तर आपण देऊन पाहिले आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये उत्तर भारतीय मजुरांवर हल्ले झाले आणि पुणे-नाशिकमधून हजारो माणसे मिळेल त्या गाडीने निघून गेली. ऑगस्ट २०१२ मध्ये तर केवळ अफवांनी ईशान्य भारतातील तरुण-तरुणींनी पुण्याची आणि बंगळूरची स्थानके भरून टाकली. आपल्याच देशातील एका शहरात आपण सुरक्षित नाही, असे त्यांना वाटले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत मजुरांचे तांडे महामार्गावरून पायी चालू लागले, तेव्हा त्यांना कोणी मारले नव्हते. पण या शहरात आपले असे कोणी आहे, याचीही त्यांना खात्री नव्हती. रेन्याँ नावाच्या फ्रेंच विचारवंताने १८८२ मध्ये पॅरिस येथील व्याख्यानात राष्ट्राची तुलना रोज घेतल्या जाणाऱ्या जनमताशी केली होती. त्या दिवसांत रस्त्यावरून चाललेल्या त्या पावलांनी कोणते मत दिले, याचा विचार आपण करावयास हवा.

मग आलेल्या माणसाचे काहीच कर्तव्य नाही काय? आहे, आणि ते आम्ही तितक्याच स्पष्टपणे सांगू. ज्या भूमीची भाकर खावी, तिची भाषा शिकावी. ही सक्तीची नव्हे, कृतज्ञतेची गोष्ट आहे. आपल्या समाजाला याचे उदाहरण बाहेर शोधावे लागत नाही. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या येशूसंघीय धर्मगुरूंनी मराठीत ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ मध्ये छापले गेले. परक्या मुलखातून आलेल्या त्या माणसाने मराठीवर हक्क सांगितला तो तिची सेवा करून. टांझानियाचे ज्यूलियस न्येरेरे हे कॅथॉलिक नेते. सव्वाशेच्या आसपास जमातींच्या आपल्या देशाला त्यांनी स्वाहिली भाषेने जोडले. ती कोणा एका मोठ्या जमातीची मिरासदारी नव्हती, म्हणून कोणाला तिच्यापुढे हार मानल्यासारखे वाटले नाही. आणि स्वतः न्येरेरे यांनी शेक्सपिअरची नाटके स्वाहिलीत आणून तिचा मान वाढविला. त्यांची अर्थनीती फसली, खेडुतांना बळाने हलविण्याचे धोरणही दुःखदायक ठरले. परंतु त्यांचा देश जमातींच्या युद्धात होरपळला नाही.

याचा अर्थ असा, की भाषा प्रेमाने दिली तर धागा होते आणि दरडावून लादली तर फास. हा न्याय दोन्ही बाजूंना सारखाच आहे. २०२५ साली महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी आणण्याचा शासकीय निर्णय निघाला, मराठी समाजात क्षोभ उसळला आणि जूनअखेर तो निर्णय मागे घ्यावा लागला. आपल्या लेकरांवर दुसऱ्याची भाषा लादली जाऊ नये, असे ज्याला वाटते, त्याने दुकानात मराठी न बोलणाऱ्याच्या श्रीमुखात भडकावणे कोणत्या तराजूत बसते? आमच्या मते येथे क्रम महत्त्वाचा आहे. यजमानाने आधी चोख तराजू आणि छत्र द्यावे. पाहुण्याने मग भाषा आणि निष्ठा द्यावी. ज्याला आपण तराजू नाकारला, त्याच्याकडे भाषेची मागणी करण्याचा नैतिक अधिकार दुबळा होतो.

इतके झाले म्हणजे राष्ट्र पूर्ण झाले काय? नाही. तराजू न्याय देतो. तो आपुलकी देत नाही. एकाच काट्यावर माल तोलणारी माणसे संध्याकाळी आपापल्या वस्तीत, आपापल्या जातीत परत जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत केलेल्या अखेरच्या मोठ्या भाषणात नेमका हाच इशारा दिला होता. आपण राष्ट्र झालोच आहोत या भ्रमात राहू नये, हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील, असा त्यांचा सवाल होता. आणि बंधुतेवाचून स्वातंत्र्य व समता ही टिकणार नाहीत, हे त्यांनी बजावले होते. बंधुता कायद्याने निर्माण होत नाही. ती पाणवठ्यावर आणि ताटावर निर्माण होते. म्हणूनच हमालांच्या मजुरीसाठी लढणाऱ्या बाबा आढावांनी १९७० च्या दशकात ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम महाराष्ट्रभर नेली, आणि हमाल पंचायतीने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ हे केंद्र सुरू केले. परवडेल अशा दरात झुणका-भाकर मिळावी, हा त्यातील साधा हेतू. पण ज्या समाजात कोणी कोणाच्या हातचे खावे याचे नियम शतकानुशतके चालत आले, तेथे कोणी थापलेली भाकर कोणाच्या शेजारी बसून खाल्ली, हा प्रश्नच उरू नये, ही क्रांती लहान नव्हे. तराजूने आपण नागरिक होतो. एका पंगतीत बसलो म्हणजे भावंडे होतो. राष्ट्राला दोन्ही लागतात.

आता आपल्या अंगणाकडे वळू. पुण्यातील कोणतेही मोठे धर्मग्राम घ्या. अहिल्यानगर जिल्ह्यातील खेड्यांतून आलेली मराठी कुटुंबे, गोवा-मंगळूरची कोंकणी मंडळी, तमिळ, मलयाळी, आणि अलीकडे छोटानागपूर व ईशान्येकडून आलेले आदिवासी तरुण, असा लहानसा भारतच तेथे एका छपराखाली जमतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेतील उपासनेची दारे उघडली, हे परमेश्वराचे मोठे देणे. प्रत्येकाने आपल्या मायबोलीत प्रार्थना करावी, हे योग्यच. पण मराठी मिस्सा संपवून बाहेर पडणारे आणि इंग्रजी मिस्सेसाठी आत शिरणारे एकमेकांना नावाने ओळखतात काय? धर्मग्राम मंडळात कोणत्या भाषेचा आवाज चढा असतो? सणाच्या दिवशी मंडप घालणारे हात कोणाचे आणि पहिल्या रांगेतल्या खुर्च्या कोणाच्या? मुलामुलींचे विवाह जुळविताना बाप्तिस्म्याच्या दाखल्याआधी पूर्वजांची जात विचारली जाते की नाही? एका प्याल्यातून सहभागी होणाऱ्यांनी या प्रश्नांची उत्तरे परस्परांना द्यावयाची आहेत. जे आपणांस दोनशे कुटुंबांत जमत नाही, ते शंभर कोटींहून अधिक लोकांच्या देशाने करून दाखवावे, असे म्हणण्यात काय अर्थ?

म्हणून आमचे आवाहन मोठमोठ्या घोषणांचे नाही. आपल्या घरी काम करणाऱ्या परप्रांतीय बाईला साप्ताहिक सुट्टी आहे काय, आपल्या इमारतीच्या रखवालदाराचा पगार ठरल्या दिवशी होतो काय, बांधकामावरच्या मजुराच्या मुलाला आपल्या शाळेत प्रवेश मिळतो काय, हे प्रत्येक कुटुंबाने तपासावे. घर भाड्याने देताना आडनावाचा रुमाल दूर सारावा. शेजारच्या नवागताला मराठीची चार वाक्ये हौसेने शिकवावीत आणि त्याच्या भाषेतली चार आपण शिकावीत. आणि वर्षातून एकदा तरी धर्मग्रामाच्या सर्व भाषिक गटांनी निरनिराळे डबे न आणता एकाच चुलीवर स्वयंपाक करावा, एकाच पंगतीत बसावे आणि वाढण्याचे काम आळीपाळीने करावे. मंडप घालणाऱ्यांनी त्या दिवशी पहिल्या पंगतीला बसावे, आणि पहिल्या रांगेतल्यांनी वाढावे.